सपाट पायांसाठी बूट: दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्यांनी कोणत्या क्रमानं निवडावेत

‘उभ्याचं काम हाय, पाय लई दुखत्यात, जरा मऊ काहीतरी दावा.’ कोल्हापुरातल्या बुटांच्या दुकानांत ही मागणी नेहमीची, आणि चुकीची सुरुवातही इथूनच होते. तळव्याची कमान खाली बसलेल्या पायाला मऊ बूट पहिले आठ दिवस बरा वाटतो. मग आतली गादी अंगठ्याच्या बाजूनं दबते, टाच आत कलते आणि तळव्यापुरतं असलेलं दुखणं घोट्यात, गुडघ्यात चढतं. अशा पायाला टाच सरळ धरणारा आणि मधोमध सहज न वाकणारा बूट लागतो. मऊपणा त्यानंतरची गोष्ट.

दुसरी गडबड क्रमाची. लोक आधी बूट घेतात. दुखायला लागलं की त्यात इनसोल, म्हणजे आत घालायची वेगळी गादी, कोंबतात. त्यानं बूट घट्ट झाला की पुढच्या वेळी एक नंबर मोठा घेतात, आणि मग टाच निसटायला लागते. म्हणून आधी पाय तपासायचा, मग कामाची जागा बघायची, मग माप घ्यायचं, इनसोलचं ठरवायचं, आणि बूट त्याच्यानंतर.

टप्पा १: पाय कोणत्या प्रकारचा आहे ते बघा

अंघोळीनंतर ओल्या पायानं कोरड्या शहाबादी फरशीवर सरळ उभे राहा आणि बाजूला व्हा. साधारण पायाच्या ठशात आतल्या बाजूला खाच दिसते. सपाट पायाचा ठसा जवळजवळ अख्खा उमटतो. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. तळव्याला मांस जास्त असलं तरी ठसा भरलेला दिसतो.

आता भिंतीला हात टेकवून दोन्ही चवड्यांवर उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा. चवड्यावर चढल्यावर कमान दिसायला लागली आणि टाचा आतल्या बाजूला वळल्या, तर पाय लवचिक आहे. उभ्यानं काम करणाऱ्या बऱ्याच जणांचा पाय असाच असतो आणि पुढचे सगळे टप्पे मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत. चवड्यावर जाऊनही तळवा जसाच्या तसा सपाट राहिला, तर पाय ताठर आहे. त्याला बाजारातली उंच कमानीची गादी घातली तर ती खड्यासारखी टोचते. तिथे आधी डॉक्टर.

मग एका पायावर उभे राहून तीच टाच उचलून बघा. दोन्ही पाय आळीपाळीनं.

> थांबा: एकाच पायावर टाच उचलता येत नसेल, एकच पाय अलीकडे सपाट झाला असेल, किंवा आतल्या घोट्यामागे सूज आणि दुखरेपणा असेल, तर तो प्रश्न कमान धरून ठेवणाऱ्या स्नायुबंधाचा असू शकतो. बूट बदलत बसण्यात महिने घालवू नका. मधुमेह असून तळव्याला बधिरपणा आला असेल, तरी हाच नियम. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, अस्थिरोग विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे आधी दाखवा.

आणि पाय सपाट आहे पण दुखत नाही, थकत नाही, अशी बरीच माणसं असतात. त्यांना यातलं काही करण्याची गरज नाही. मोठ्या माणसाच्या पायात बूट किंवा इनसोल घालून कायमची कमान तयार होत नाही. बूट पायात असेपर्यंत भार नीट वाटला जातो, एवढंच त्याचं काम. ‘सहा महिन्यांत पाय सरळ’ असं सांगून कुणी काही विकत असेल तर नमस्कार करून पुढे जा.

टप्पा २: जुने बूट टेबलावर ठेवा

रोजच्या वापराचे जुने बूट पुसून टेबलावर ठेवा आणि मागून, डोळ्यांच्या पातळीवरून बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजलेली असणं सगळ्यांचंच असतं, त्यात विशेष नाही. आतली कड जास्त झिजली आहे का, बुटाचा मागचा भाग आतल्या बाजूला झुकला आहे का, आणि गादी काढून बघितल्यावर कमानीखाली ती चपटी पडली आहे का, हे बघायचं.

दोन्ही बूट सारखे झुकलेले नसतील तर जो जास्त झुकलाय त्या पायाकडे दुकानात जास्त लक्ष द्यायचं. हे बूट टाकू नका, दुकानात बरोबर न्यायचे आहेत.

टप्पा ३: कामाची जागा बूट ठरवते

बरेच जण हा टप्पा गाळतात. एकाच माणसाचा पाय, पण तो राजारामपुरीतल्या शोरूममध्ये उभा आहे की शिरोलीच्या फाउंड्रीत, यावर बूट पूर्ण बदलतो.

दुकान, शाळा, दवाखाना. खाली गुळगुळीत, कडक फरशी. दिवसभर थोडं चालणं, जास्त उभं राहणं. इथे टाच घट्ट धरणारा, लेसचा, जाड पण न दबणारा सोल असलेला चालण्याचा बूट सगळ्यात सोयीचा. काळाच हवा असा नियम असेल तर त्याच ठेवणीचे काळे बूट मिळतात. फॉर्मल म्हणून पातळ चामडी सोलचा, टोकदार बूट घेऊ नका. त्यात सपाट पायाच्या चवड्याला जागाच उरत नाही.

हॉटेलचा भटारखाना, मिसळीचं दुकान, मिठाईवाला. तेल, पाणी, रस्सा. जाळीच्या स्पोर्ट्स शूजमध्ये उकळता कट सांडला तर तो थेट कातडीपर्यंत जातो. वरचा भाग बंद आणि पुसता येणारा, तळाला पाणी-तेल निघून जाईल अशी बारीक नक्षी. मागे पट्टा नसलेल्या क्लॉगमध्ये (पुढून बंद, मागून उघड्या जाड बुटात) बोटं बूट धरून ठेवायला सतत आकसतात आणि सपाट पाय आणखी थकतो. तोच प्रकार स्लिपरचा.

शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखाने. इथे सेफ्टी शूजला पर्याय नाही. बुटावर आयएस १५२९८ हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का बघा. या मानकाच्या भाग २ मधल्या सेफ्टी बुटाची पुढची टोपी २०० जूलचा आघात सोसेल अशी असावी लागते. फाउंड्रीत वितळलेल्या धातूजवळ काम असेल तर लेसचा उघडा बूट धोक्याचा, कारण उडालेला धातू लेसमध्ये अडकतो. तिथे झटकन काढता येणारा उंच बूट आणि त्याच्यावरून पँट, खोचलेली नव्हे.

> सावध: कंपनीनं दिलेल्या सेफ्टी शूजमध्ये स्वतःच्या मनानं जाड इनसोल घालू नका. पाय वर उचलला गेला की बोटं लोखंडी टोपीला घासतात, आणि बुटाची चाचणी मूळ गादीसकट झालेली असते. सेफ्टी अधिकाऱ्याला सांगून रुंद मापाचा किंवा त्या बुटासाठीच बनवलेल्या इनसोलचा पर्याय मागा.

गादीवर अनवाणी काम. साड्यांच्या आणि दागिन्यांच्या काही दुकानांत चपला बाहेर काढाव्या लागतात. दिवसभर अनवाणी उभं राहणं सपाट पायाला सगळ्यात जड. मालकांशी बोलून फक्त दुकानाच्या आत वापरायची, मागे पट्टा असलेली स्वच्छ सँडल ठेवता येते का बघा. ‘मालक, बाहेर घालणार नाही, इथंच कपाटात ठेवतो,’ एवढं सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. तेही शक्य नसेल तर काउंटरमागे जिथे उभं राहता तिथे रबरी, लवकर न दबणारी चटई टाका.

आणि कोल्हापुरी चपलेबद्दल, कारण हा प्रश्न आपल्या गावात येणारच. तिचा तळ सपाट, मागे टाच धरणारं काही नाही, चामडं कडक. लग्नाला, देवळाला, रविवारी चप्पल लाइनीत मिरवायला जरूर घाला. सलग आठ तास काउंटरला उभं राहायला ती नाही. चप्पल बनवणारा कारागीरही हेच सांगेल.

टप्पा ४: माप संध्याकाळी, उभ्यानं

दिवसभर उभं राहिल्यावर पाय फुगतो. सपाट पाय भार पडला की लांबीला आणि रुंदीलाही पसरतो. म्हणून सकाळी, खुर्चीत बसून घेतलेलं माप कामाचं नाही.

१. ड्यूटीवरून आल्यावर, कामाला घालता तेच मोजे घालून, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा. दोन्ही पायांवर सारखा भार.
२. दुसऱ्या माणसाला पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड आखू द्या. स्वतः वाकून आखलं की भार सरकतो.
३. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, काहींचं दुसरं बोट लांब असतं.
४. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडापासून करंगळीच्या मुळापर्यंत रुंदी मोजा.
५. दुसऱ्या पायाचंही हेच करा. मोठ्या पायाचं माप खरं धरा.
६. आखलेल्या कडेवरून कागद कापून घ्या. हा कागदी पाय दुकानात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

तपासा: दोन्ही कागदी पाय एकमेकांवर ठेवले की फरक लगेच दिसतो. थोडा फरक असणं नेहमीचं आहे.

टप्पा ५: इनसोल लागणार का, हे दुकानात जाण्याआधीच ठरवा

इनसोल घालायचा असेल तर बूट त्याच्यासकट बसला पाहिजे, म्हणून इनसोल आधी हातात हवा.

हलका त्रास असेल, म्हणजे संध्याकाळी थकवा येतो पण रात्रीच्या झोपेनं उतरतो, तर पहिल्या खेपेला फक्त चांगला बूट घेऊन बघा. रोज दुखत असेल तर अर्धवट कडक, कमानीला उभार असलेला तयार इनसोल घ्या. त्यानंही फरक पडत नसेल तर फिजिओथेरपिस्ट किंवा ऑर्थोटिक (पायाला आधार देणारी साधनं) बनवणाऱ्याकडून पायाच्या मापानं करून घ्यावा लागतो. थेट सगळ्यात महाग पर्यायावर उडी मारू नका. तयार इनसोलवर बऱ्याच जणांचं भागतं.

तयार इनसोल निवडताना:

- कमानीचा भाग अंगठ्यानं जोरात दाबा. पूर्ण खाली गेला तर तुमच्या वजनाखालीही जाणार. निळ्या जेलच्या गाद्या आणि ‘मेमरी फोम’ इथे नापास होतात. टाचेखाली जेल आहे म्हणून कमानीला आधार मिळत नाही.
- इनसोलवर उभे राहा. उभाराचा सगळ्यात उंच भाग तुमच्या कमानीखाली यायला हवा. तो टाचेच्या जवळ किंवा चवड्याखाली लागत असेल तर लांबीचं माप चुकलं.
- टाचेच्या जागी खोलगट वाटी हवी. सपाट तुकडा टाच धरत नाही.
- पहिल्यांदाच घेत असाल तर मध्यम उंचीची कमान घ्या. उंच घेतली म्हणजे लवकर बरं वाटेल, असं होत नाही. उलट तळव्यात गोळा आल्यासारखं दुखतं.

> सावध: मूळ गादीवर नवा इनसोल ठेवू नका. आधी मूळ गादी बाहेर काढायची. गादी चिकटवलेली असून निघत नसेल, तर तो बूट इनसोलवाल्यांसाठी नाही. कापावं लागलं तर जुन्या गादीचा नमुना ठेवून फक्त बोटांच्या बाजूनं, थोडंथोडं. टाचेकडून कधीच नाही.

टप्पा ६: दुकानात, पायात घालण्याआधी

बरोबर काय न्यायचं: कामाचे मोजे, जुने बूट, कागदी पाय, इनसोल. जायचं संध्याकाळी, पण नवरात्रात किंवा दिवाळीच्या आठवड्यात महाद्वार रोडला नको. त्या गर्दीत दुकानदार तुम्हाला चार जोड बदलून दाखवणार नाही, आणि तुम्हीही घाईत मान डोलावून बाहेर पडाल.

‘फ्लॅटफूटचा बूट’ अशी पाटी शोधण्यापेक्षा हातानं चार गोष्टी बघा.

मागचा भाग दाबा. टाचेमागचा कडक भाग, त्याला दुकानदार काउंटर म्हणतात, तो अंगठ्यानं आत ढकला. कापडासारखा दुमडला तर बूट परत ठेवा. सपाट पायाच्या बुटात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि स्वस्त बुटांत नेमका इथेच पुठ्ठा असतो.

पीळ द्या. एका हातात टाच, दुसऱ्यात चवडा धरून फडकं पिळल्यासारखा पिळा. थोडा वळून अडला पाहिजे. पूर्ण फिरला तर मधे आधार नाही.

वाकवा. टोक आणि टाच जवळ आणा. बूट बोटांच्या मुळाशी वाकायला हवा. मधोमध, कमानीखाली वाकला तर नको. अजिबात न वाकणारा, लाकडासारखा बूटही नको, त्यात चालताना टाच उचलली जाते.

गादी काढून कागदी पाय ठेवा. कागद गादीच्या बाहेर आला तर बूट अरुंद. पुढे साधारण १ सेंटिमीटर जागा उरायला हवी.

टाच चवड्यापेक्षा किंचित उंच असलेली चालते. पोटऱ्या ताठ असणाऱ्यांना ती बरी वाटते. एकदम सपाट तळ टाळा, आणि उंच टाच तर उभ्याच्या कामाला नकोच.

आता एक गोष्ट, जी कमी किमतीच्या मोहात विसरली जाते. पीयू (पॉलियुरेथेन) सोलचे बूट दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिले की न वापरताही त्यांचा सोल आतून मोडायला लागतो. सेलमधला जुना माल घरी आणतो, पहिल्या पावसात सोलचा चुरा होतो आणि दोष पावसाला जातो. खोक्यावर किंवा जिभेच्या आतल्या बाजूला बनवल्याची तारीख असेल तर वाचा. सोलवर बारीक भेगा किंवा चिकटपणा दिसला तर कितीही सूट असली तरी नको.

टप्पा ७: घालून बघा, आणि घाई करू नका

इनसोल घालून, दोन्ही पायांत, लेस पूर्ण बांधून. एका पायात घालून आरशात बघणं म्हणजे तपासणी नव्हे.

- आधी दहा मिनिटं नुसते उभे राहा. तुमचं कामच उभ्याचं आहे, चार पावलं चालून काय कळणार?
- गालिच्यावरून उतरून फरशीवर चाला. दुकानाची पायरी चढा-उतरा. टाच मागून निसटते का बघा.
- एका पायावर उभे राहा. पाय आत कोसळतोय असं वाटलं तर आधार कमी आहे.
- बुटाच्या आत बोटं वर-खाली हलवा. मोकळी हलली पाहिजेत.

टाच किंचित निसटत असेल तर नंबर लहान करण्याआधी लेस वेगळी बांधून बघा. बऱ्याच बुटांना घोट्याजवळ एक जादा भोक असतं आणि लोक ते रिकामं ठेवतात. लेस बाहेरून त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फास ठेवा, दोन्ही बाजूंना. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओढून गाठ मारा. टाच जागेवर बसते.

दुकानदार म्हणेल, ‘भावा, वापरून सैल पडतंय.’ चामडं रुंदीला थोडं सैल पडतं, हे खरं. लांबीला नाही. रेक्झिन आणि प्लास्टिकचे बूट तर कुठूनच पडत नाहीत. दुकानात टोचणारा बूट ड्यूटीवरही टोचणार.

ऑनलाइन घ्यायचा असेल तर तोच मॉडेल आधी दुकानात घालून बघा. निदान परत घेण्याची मुदत वाचा. घरी आल्यावर हे सगळं फरशीवर करा, बाहेर नेऊ नका. तळ मळला की तो बूट परत जाणं अवघड.

टप्पा ८: पहिले दोन आठवडे

नव्या आधाराची पायाला सवय व्हावी लागते. इनसोल असेल तर पहिल्या दिवशी एक-दोन तास, मग रोज तासाभरानं वाढवा. जुना जोड पिशवीत ठेवा आणि मधल्या सुट्टीत बदला. पहिल्याच दिवशी पूर्ण ड्यूटी केली की पोटऱ्या दुखतात आणि चांगला बूटही खोक्यात परत जातो.

सुरुवातीला कमानीखाली काहीतरी लागल्यासारखं वाटतं, ते काही दिवसांत जावं. बोटांना मुंग्या, गुडघ्यात नवं दुखणं, एकाच जागी लाल चट्टा किंवा फोड: यांतलं काही दिसलं तर थांबा. चट्टा बघूनच कळतं की बूट कुठे अरुंद आहे.

तपासा: सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल टाचेत कळ आणतं का? तळव्याचा पडदा सुजला असण्याची ती खूण. दोन-तीन आठवड्यांत ती कमी होत नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

याबरोबर दिवसातून दोनदा पोटऱ्या ताणा. भिंतीला हात, एक पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ, अर्धा मिनिट धरून. ताठ पोटरी टाच वर ओढते आणि कमान खाली दाबते. तिथे बुटाचा काही इलाज चालत नाही. कामावर लहान पाट किंवा खोकं मिळालं तर त्यावर एकेक पाय आलटूनपालटून टेकवा.

टप्पा ९: पावसाळा आणि बदलण्याची वेळ

कोल्हापूरचा पाऊस बुटांचा जीव घेतो. ओला बूट दुसऱ्या दिवशी तसाच घातला की गादी दबते, वास येतो, चिकटवलेले भाग सुटतात. जमत असेल तर दोन जोड आलटूनपालटून वापरा. एक दिवस मिळाला तर आतला घाम सुकतो. भिजला तर इनसोल वेगळा काढा, बुटात कालचा ‘पुढारी’ चुरगाळून कोंबा, कागद ओला झाला की बदला, आणि पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला तर चामडं तडकतं आणि गोंद सुटतो.

वरून बूट नवा दिसतो म्हणून तो चालू ठेवू नका. फोमचा सोल आधी आतून बसतो. महिन्यातून एकदा टप्पा २ मधली तपासणी करा: टेबलावर ठेवून मागून बघा. मागचा भाग आत झुकला, अंगठ्याच्या बाजूची कड चपटी झाली, किंवा थांबलेलं दुखणं संध्याकाळी परत यायला लागलं, तर जोड बदलायचा. रोज सात-आठ तास वापर असेल तर काही बूट सहा महिन्यांतच इथवर येतात, काही वर्षभर टिकतात. इनसोल नव्या बुटात नेण्याआधी पुन्हा अंगठ्यानं दाबा. दबला तर तोही नवा.

पुढच्या खरेदीला जुना कागदी पाय वापरू नका. वयाबरोबर, वजन वाढल्यावर आणि बाळंतपणानंतर पाय लांब-रुंद होतात. नवा कागद घ्या आणि पुन्हा संध्याकाळी, उभ्यानं आखा.